सीलबंद नग

१

अजेय वर्तक खेळण्यांना मार्क द्यायचा, आणि देताना हात असा आखडायचा की जणू स्वतःच्या खिशातून काढून देतोय. कुणाच्या पोराला वाढदिवसाला मिळालेला रोबोसुद्धा त्याच्या तावडीतून सुटत नसे. "रंग रेषेबाहेर गेलाय, खांद्याचा सांधा ढिला आहे, महिन्याभरात मोडेल," असं तो त्या पोराच्या तोंडावर सांगायचा, आणि पोर रडायला लागलं की म्हणायचा, मी खोटं बोललो का? खोटं नसायचंच. असल्या माणसांची तीच तर पंचाईत असते.

एरवी तो सरकारी बँकेत अधिकारी. पुण्याहून बदली होऊन कोलकात्याला आला त्याला चार वर्षं झालेली. बालीगंजमधल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड. लाल कोब्याची जमीन, हिरव्या झडपांच्या उंच खिडक्या, आणि जाळीच्या दाराची लिफ्ट, तिचा खडखडाट थेट स्वयंपाकघरात ऐकू यायचा. बायको आरती शाळेत गणित शिकवायची. मुलगी चैत्राली आठ वर्षांची. शनिवार-रविवारी अजेय यूट्यूबवर खेळण्यांची परीक्षा घ्यायचा, आणि त्याचे प्रेक्षक त्याच्या खडूसपणावर खूश असायचे.

पद्धत ठरलेली होती. प्रत्येक खेळण्याचे दोन नग मागवायचे. एक उघडायचा, तो मार खायला. दुसरा तसाच सीलबंद ठेवायचा, तो मानाचा. तीस दिवसांनी दोन निकाल द्यायचे: खेळायला कसं आणि जपायला कसं. मानाच्या नगाचं सील कधीही, कुणासाठीही फोडायचं नाही. चैत्राली पाच वर्षांची असताना तिनं कौतुकानं एका खोक्याची टेप सोलली होती, तर हा गृहस्थ आठ दिवस तिच्याशी बोलला नव्हता. पाच वर्षांच्या पोरीशी, आठ दिवस!

शिवाय दर रविवारी मानाच्या नगाचं वजन. कोलकात्याच्या दमट हवेत पुठ्ठा ओल धरतो, पहिल्याच वर्षी त्याच्या सहा खोक्यांना बुरशी लागली होती. ओल आधी वजनात कळते आणि मग डोळ्यांना दिसते, हा त्याचा शोध. आरतीचा केकसाठी आणलेला वजनकाटा त्यानं त्यासाठी कायमचा लाटला होता, आणि त्यावरूनही घरात एकदा कडाक्याचं वाजलं होतं.

२

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी त्यानं इलेक्ट्रॉनिक डायनासोर परीक्षेला घेतला. हातभर लांबीचा टायरानोसॉरस, परदेशी बनावटीचा. पाठीवरचा कणा दाबला की डोळ्यांत पिवळे दिवे लागायचे, जबडा उघडायचा, घशातून गुरगुर यायची. शेपूट डावी-उजवीकडे हलवली की मान वळायची. खोक्याला पुढून पारदर्शक खिडकी, आणि कण्याच्या नेमकं वर एक वाटोळं भोक, म्हणजे दुकानात गिऱ्हाइकाला सील न फोडता बोट घालून गुरगुर ऐकता यावी.

अजेयनं नखानं सांधे तपासले, टॉर्च धरून रंग पाहिला, बॅटरीच्या झाकणाचा स्क्रू सोडवून परत बसवला. "शिवण दिसत नाही. खवल्यांवर हातानं रंग दिल्यासारखं काम आहे. जिभेला ओलसर चकाकी," असं तो कॅमेऱ्यासमोर म्हणाला आणि थोडा वैतागला, कारण त्याला खोड सापडत नव्हती. जबडा मात्र अंमळ जोरात मिटत होता. बोट घातलं तर धरून ठेवत होता. सोडवायला कणा पुन्हा दाबावा लागायचा. "लहान मुलांच्या दृष्टीनं उणे," त्यानं वहीत लिहिलं.

मानाचा नग काट्यावर ठेवला. आठशे चाळीस ग्रॅम. मग तो बैठकीतल्या काचेच्या कपाटात मधल्या फळीवर गेला. उघडलेला चैत्रालीच्या खोलीत.

"रोज शाळेतून आल्यावर एक तास," अजेयनं फर्मावलं. "तीस दिवस. कॅमेरा लावलेला असेल. आपटायचा, ओढायचा, हवं ते करायचं, पण तास भरायचा."

"बाबा, मला तो भालो नाही वाटत," चैत्राली म्हणाली. जन्म पुण्याचा असला तरी वाढ इथली, तिची मराठी अशीच तीन भाषांत पाय टाकत चालायची.

"तुला विचारलंय का?" अजेय म्हणाला.

३

पुढच्या रविवारी काटा नऊशेवर गेला. साठ ग्रॅम ओल, जास्तच होती, पण हवाही तशी होती. भिंतींना घाम, पापड मऊ, चपला हिरव्या. अजेयनं कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या वाढवल्या आणि दार घट्ट लावलं.

त्याच्या पुढच्या रविवारी एक किलो नऊशे.

त्याला वाटलं काटा बिघडला. साखरेची किलोची पिशवी ठेवली, काटा बरोबर एक किलो. खोकं पुन्हा ठेवलं, एक किलो नऊशे. आता एवढं पाणी प्यायला तो पुठ्ठा काय घागर होता? त्यानं खोक्यावरून हात फिरवला. पुठ्ठा खडखडीत कोरडा. कडा ताठ, टेप जशीच्या तशी. खिडकीतून डायनासोर दिसत होता, पायाला आणि मानेला तारा बांधलेला, मागे छापील जंगल. काहीही बदललेलं नव्हतं, आणि उचलताना दुसरा हात लागत होता.

"चैतू, तू याला हात लावलास?" त्यानं जोरात विचारलं.

चैत्राली दारात उभी होती. शाळेचा स्कर्ट कमरेवरून खाली उतरत होता आणि ती एका हातानं तो धरून होती. "नाही. मी कशाला लावू? मी त्या दुसऱ्याबरोबर असते ना." मग म्हणाली, "त्या दुसऱ्यात कोणीच नाहीये, बाबा. बोट धरतो आणि सगळं इकडे पाठवतो."

"काय पाठवतो?"

तिनं खांदे उडवले आणि आत गेली. एरवी लाल जमिनीवर तिची पावलं थपथप वाजायची, खालच्या मजल्यावरचे मित्र आडनावाचे बंगाली गृहस्थ एकदोनदा तक्रार घेऊन वर आले होते. आज ती गेलेली कळलंसुद्धा नाही.

४

स्कर्टचं आरतीच्याही लक्षात आलं होतं. तिनं पोरीला डॉक्टरबाईंकडे नेलं. जूनमध्ये शाळेत चोवीस किलो दोनशे भरलेली पोर आता तेवीसला आली होती. रक्त तपासलं, जंतांचं औषध दिलं, सगळे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरबाई हिंदी-बंगालीच्या अधल्यामधल्या भाषेत म्हणाल्या की मूल खेळतं आहे ना, मग घाबरू नका, खाऊपिऊ घाला.

"खेळते कुठली?" आरती घरी येऊन कडाडली. "खेळवतोस तू तिला! शाळेतून आली की कॅमेऱ्यापुढे बसवतोस. ताटात जेवण तसंच राहतं. बंद कर तो तमाशा."

"बारा दिवस राहिलेत."

"अजेय, तुला समजतंय का मी काय सांगतेय? पोर वाळत चाललीय!"

"वाढीच्या वयात होतं असं. रिपोर्ट चांगले आहेत. एका तासाच्या खेळानं कुणी वाळत नाही."

आणि हे म्हणताना त्याच्या डोक्यात पोरीची घट आणि खोक्याची वाढ यांचा हिशेब होऊन गेला होता बरं का. बँकेतला माणूस, आकडे दिसले की आपोआप जुळायचे. तो उठून बाथरूममध्ये गेला, नळ सोडला आणि नुसता उभा राहिला. त्याला भीती वाटत होती. भीती वाटली याचाच त्याला जास्त राग आला. पुठ्ठ्याचं खोकं, त्यात प्लास्टिक, आणि शिकलासवरला माणूस असला विचार करतो? लाज वाटली पाहिजे, असं त्यानं स्वतःला सुनावलं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्यानं बँकेतून शेजारच्या मावशींना फोन करून चैत्राली आल्याची खात्री केली, आणि मग चैत्रालीला फोन करून कॅमेरा सुरू करायला लावला. "बाबा, आज नको ना," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. त्यानं ते ऐकलं आणि तरी लावायला लावला. एवढी एक गोष्ट त्याला पुढे कधी विसरता येणार नव्हती.

५

शनिवारी तो व्हिडिओ जुळवायला बसला. रोजचं तासभराचं चित्रीकरण तो धावतं करून पाहायचा, पाचसहा तुकडे उचलायचा. या वेळी त्यानं साध्या गतीनं पाहिलं.

चैत्राली जमिनीवर बसते. डायनासोर मांडीवर घेते. दोनतीनदा शेपूट हलवते, कणा दाबते, गुरगुर होते. मग ती डावा हात पुढे करते आणि करंगळी त्याच्या जबड्यात ठेवते. कुणी सांगितल्यासारखी, मुकाट. जबडा मिटतो.

त्यानंतर पंचावन्न मिनिटं काहीच नाही. पोर हलत नाही, रडत नाही. डोळे उघडे. पंख्यानं केस तेवढे उडतात. खालून फेरीवाल्याची हाक येते, बालीगंज स्टेशनकडून लोकलचा भोंगा येतो, मधेच लिफ्टचं दार खडखडतं. तास संपताना जबडा आपोआप उघडतो. कणा दाबल्याशिवाय तो उघडत नाही हे अजेयनं स्वतः वहीत लिहिलं होतं.

त्यानं मागचा दिवस काढला. तेच. त्याच्या मागचा, तेच. मग त्यानं आवाज मोठा करून कानांना हेडफोन लावले. फेरीवाला आणि लोकल यांच्या खाली आणखी एक आवाज होता. बैठकीतून येणारा. काचेच्या कपाटाची फळी करकरत होती, हळूहळू, जसजसा तास जात होता तसतशी जास्त.

अजेयनं हेडफोन काढले. घर शांत होतं. त्यानं चैत्रालीच्या खोलीतून उघडा नग उचलला, गच्चीत नेला आणि हातोडीनं त्याचा चुरा केला. आत दोन बॅटऱ्या, एक स्पीकर, एक छोटी मोटर आणि वायरी. बस. त्यानं चुरा पिशवीत भरून कचऱ्याच्या गाडीत स्वतः टाकला. खूप मोठं काम केल्यासारखं त्याला वाटलं.

मानाच्या नगाला हात लावायचं मात्र त्याच्या मनात आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं. सील फोडलं की जपायला काय उरलं, असं म्हणून त्यानं ते मनातून काढून टाकलं. मारणाऱ्याला सोडून मार खाणाऱ्याला शिक्षा, हे फक्त असल्या जपणाऱ्यालाच सुचावं.

६

उघडा नग गेला तरी चैत्राली सुधारली नाही. तीन वाजले की ती आपली खोलीतून उठून बैठकीत यायची आणि कपाटापुढे बसायची. काचेला हात लावायची नाही, नुसती बसायची. आरतीनं हे एकदा पाहिलं आणि तिनं एका शब्दानं भांडण न करता तिकिटं काढली.

"आईकडे नेतेय तिला. पुण्याला. उद्या पहाटेची गाडी आहे."

"मी येतो सोडायला."

"काही नको. तू बस आणि मार्क दे."

पहाटे टॅक्सी आली. रस्त्यावर दुर्गापूजेच्या मंडपाचे बांबू उभे राहायला लागले होते, टॅक्सीवाला त्यावरून कुरकुरत होता. आरतीच्या एका हातात बॅग, दुसऱ्या हातावर चैत्राली. आठ वर्षांची पोर तिनं एका हातावर सहज घेतली होती, आणि ते तिच्याही लक्षात आलं असावं, कारण लिफ्टपाशी ती एकदम रडायला लागली. चैत्रालीनं आईच्या खांद्यावरून बाबाकडे पाहिलं. अजेयनं हात हलवला. तिनं हलवला नाही.

तो परत वर आला. चहा केला, प्यायला नाही. ऊन खिडकीच्या झडपांतून आत येऊन जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलं. साडेदहाच्या सुमाराला बैठकीत मोठा आवाज झाला.

कपाटाची मधली फळी तुटली होती. खोकं खालच्या फळीवर येऊन उभं होतं, साधं चेपलंही नव्हतं. त्यानं ते उचलायला हात घातले आणि उचललं गेलं नाही. त्यानं चादर आणली, खोकं तिच्यावर सरकवलं, ओढत ओढत बाथरूमपर्यंत नेलं. माणसांचा वजनकाटा तिथे होता. घाम पुसत त्यानं खोकं कसंबसं वर चढवलं आणि वाकून आकडा पाहिला.

पंचवीस किलो चाळीस ग्रॅम.

त्यातून खोक्याचे आठशे चाळीस गेले. चोवीस किलो दोनशे. जूनमध्ये शाळेत चैत्राली एवढीच भरली होती.

७

आता मात्र तो हलला. "चैतू! चैतू!" असं काहीबाही बडबडत त्यानं टेबलाच्या खणातून कटर आणला, खोक्यापुढे गुडघे टेकले आणि टेपवर पातं धरलं. खिडकीतून डायनासोर पूर्वीसारखाच दिसत होता. त्याच्या मागे छापील जंगल असायला हवं होतं, तिथे काळोख होता. वीतभर जाडीच्या खोक्यात तो काळोख खूप आत आत जात होता.

फोन वाजला. आरती.

"अजेय!" ती हसत होती. महिन्याभरात पहिल्यांदा. "अरे, उठली ती! टाटानगर गेलं आणि एकदम उठून बसली. खायला मागितलं. सगळा डबा संपवला, शेजारच्या काकूंच्या पुऱ्यासुद्धा खाल्ल्या. गाल बघ कसे लाल झालेत, फोटो पाठवते. तुझ्या घरातच काहीतरी होतं मेलं!"

अजेयच्या हातातून कटर गळून पडला. "खरंच? दे तिला, फोन दे."

"बाबा," फोनवर चैत्रालीचा आवाज आला. खणखणीत. "मी बरी आहे. तुम्ही काही उघडू नका हं."

तो काही म्हणेपर्यंत आरतीनं फोन परत घेतला. "मस्तीत आलीय नुसती. मघाशी लाडात हाताला चावली माझ्या. चांगलं रक्त काढलंन. आणि सोडेचना, पाठीवर थोपटलं तेव्हा सोडलं! चल, ठेवते, रेंज जातेय."

फोन बंद झाला. अजेय तसाच जमिनीवर बसला. पोर बरी होती. आईजवळ होती, हसत होती, पोटभर जेवली होती. मुलं चावतात. आजारातून उठलेली मुलं लाडावतात. बाकीचं सगळं उकाड्याचं आणि जागरणाचं. सगळं नीट लागत होतं.

तेवढ्यात खोक्याच्या वरच्या भोकातून एक बोट बाहेर आलं.

लहान होतं, घामानं ओलं. करंगळी. तिच्या दोन्ही बाजूंना बारीक दातांचे वळ होते, तीन आठवड्यांचे, एकावर एक. बोट इकडेतिकडे चाचपडलं आणि टेपच्या कडेवर येऊन थांबलं.

"बाबा," आतून अगदी दबलेला आवाज आला, "इथे खूप गरमी आहे. खोलून दे ना."

त्यानं हात पुढे केला. बोटानं त्याचं बोट पकडलं, लहानपणी रस्ता ओलांडताना पकडायची तसं, घट्ट. ते गरम होतं. अजेयला रडू फुटलं. त्यानं दुसऱ्या हातानं कटर शोधला, आणि फोन किणकिणला. आरतीनं फोटो पाठवला होता. खिडकीपाशी बसलेली चैत्राली, गुबगुबीत गाल, तोंड मोठं उघडून हसणारी, मागे झारखंडची हिरवी शेतं. आरतीच्या मनगटाला रुमाल बांधलेला. दोघी त्याच्याकडे बघत होत्या.

त्यानं फोटोकडे पाहिलं. बोटाकडे पाहिलं. एक मुलगी आईच्या शेजारी गाडीत बसली आहे, आणि एक मुलगी पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. कोणता शहाणा माणूस दुसरीवर विश्वास ठेवील? आणि ठेवला, तर आरतीच्या शेजारी बसलेलं ते कोण, हे त्याला स्वतःला सांगावं लागलं असतं.

त्यानं आपलं बोट हळूच सोडवून घेतलं. मग टेबलावरची रुंद चिकटपट्टी आणली, ती करंगळी नखाच्या टोकानं आत ढकलली आणि भोकावर पट्टी लावली. एकीवर दुसरी, आडवी आणि उभी. अंगठ्यानं कडा नीट दाबून घेतल्या. हात जराही थरथरला नाही, खोक्यांच्या कामात तो कधीच थरथरत नसे.

मग बाहेर येऊन त्यानं बाथरूमचं दार लावलं, कडी घातली आणि बैठकीत पंखा मोठा करून बसला. आतून पट्टी खरवडल्याचा आवाज येत होता. दुपारभर येत होता. तीन वाजता थोडा जोरात आला, चारला हळू झाला, आणि पाचच्या लोकलचा भोंगा झाला त्यानंतर आला नाही.